पाव मी नेला होता

माझ्या धाकट्या बहिणीने माझी लढाई चोरली.

काल ती गेली. आज तरी मला हे लिहू द्या.

शालन म्हणजे तुम्हा सगळ्यांची ‘पाववाली आजी’.
दर गोवा मुक्तिदिनाला शाळेत तिचं भाषण. शाल, नारळ, फोटो.
मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची आणि आतून जळायची.

तेव्हा मी आठ वर्षांची, ती पाच.
पोर्तुगीजांनी पळता पळता डिचोलीकडचा पूल उडवला. आमच्या घराची कौलं हलली.
दुसऱ्या दिवशी आपलं सैन्य आलं, चालत. एक जवान आमच्या सोप्यावर टेकला, बूट काढला आणि कळवळून म्हणाला, “पाँव, बेटी, पाँव!”

पाय दुखतोय, एवढंच सांगत होता बिचारा. पण आम्ही हिंदी कधी ऐकलेली?
आमच्या घरी पाव यायचा तो फक्त ताप आलेल्या माणसासाठी. मला वाटलं, हा आजारी आहे. आत धावले आणि तापाने पडलेल्या काकांसाठी म्हापशाहून आणलेला पाव त्याच्या हातावर ठेवला.

सगळे जवान हसले. त्याने तो खाल्ला.
आणि मांडीवर कुणाला घेतलं?
हसणं ऐकून माजघरातून बाहेर आलेल्या गुबगुबीत शालनला.

झालं. गावाने तिलाच लक्षात ठेवलं.

पुढे चतुर्थीचा फटाका वाजला तरी ती किंचाळायची, आई तिला कुशीत घ्यायची. घाबरायची मीही. पण मी मोठी ना!

एकदा विचारलंच, पाव मीच आणला होता ना म्हणून, “शालन, पाव हांवें हाडलेलो मगो?”
“तुका आठवना गो. तूं तेन्ना भितर लिपलेलें.”
म्हणे मीच आत लपले होते! इतकं ठासून म्हणाली, की मलाच माझा संशय यायला लागला.

गेल्या आठवड्यात तिच्या उशाशी बसले होते. बोलणं जवळजवळ बंद. तिला बरं वाटावं म्हणून मीच सुरू केलं, “आनी मागीर आमच्या शालनान धांवत वचून पाव हाडलो...”

बाईने डोळे उघडले.
“फट सांगू नाका. तुवें हाडलेलो. लिपलेलें तें हांव.”

खोलीत तिसरं कोणी नाही. नर्ससुद्धा चहाला गेलेली.
जन्मभर खोटं माईकवर बोललीस, आणि खरं इतक्या हळू!

सकाळपासून येणारा प्रत्येकजण मलाच सांगतोय, शालनने जवानाला पाव कसा दिला ते. मी मान हलवतेय.

हेवा अजून वाटतोय गो.
पण त्या दिवशी तिथे असलेलं आता माझ्याशिवाय कोणीच उरलं नाही. भांडू कुणाशी?

नीट जा, शालन.
तुझ्या मोठ्या बहिणीचा शेवटचा नमस्कार.