जांभळ्या शाईतली शांता

बाहेर जाऊन चित्रं काढायची असतील तर बरोबर काय न्यावं, असं माझे जुने विद्यार्थी अजून मला विचारतात. मी हौसेनं सांगतो. ब्रश दोनच घ्या, दांडे अर्धे कापा. पाण्याला औषधाची छोटी बाटली पुरे. शाईपाशी आलो की मात्र एवढंच म्हणतो — काळी चिनी शाई घ्या, जड झाली तरी. का, ते सांगत नाही. आजवर एकालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे, आणि बघा — अजून ब्रशांबद्दलच बोलतो आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मी धारवाडला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, राहायला माळमड्डीत. दर रविवारी सकाळी सायकलवरून केलगेरीच्या तळ्यावर जायचो. सगळं सामान एका पिशवीत मावलं पाहिजे, हा माझा हट्ट. खोकल्याच्या गोळ्यांचा एक चपटा पत्र्याचा डबा होता, त्यात रंगाच्या सहा वड्या बसवल्या होत्या. अडचण होती ती शाईची. काळ्या शाईची काचेची बाटली एकदा पिशवीत सांडली आणि अर्धी वही गेली. तेव्हापासून मी जांभळ्या शाईची पूड न्यायला लागलो. कागदाच्या पुडीत चिमूटभर, जागेवर पाण्यात कालवली की झालं. वजन म्हणाल तर काहीच नाही.

ती शाई उन्हात टिकत नाही हे मला माहीत होतं. ऐकून नव्हे — मी स्वतः पाहिलं होतं. एका कागदावर तिचा पट्टा ओढला, शेजारी किरमिजी रंगाचा, गेरूचा आणि पिवळ्या मातीचा ओढला, अर्ध्या भागावर फूटपट्टी ठेवली आणि कागद खिडकीत उन्हाळाभर राहू दिला. पट्टी उचलली तेव्हा गेरू आणि माती होती तशीच. जांभळा आणि किरमिजी, दोन्ही उघड्या बाजूला जवळजवळ पुसून गेले होते. मला त्याची गंमत वाटली. माझी चित्रं माझ्याच वहीत मिटलेली, उडाली तर कुणाचं काय जाणार होतं?

आमच्यापासून तिसऱ्या घरात गंगाक्का राहायच्या. नवरा लवकर गेलेला. खणाच्या चोळ्या शिवून त्यांनी एकुलत्या मुलीला वाढवलं. शांता तिचं नाव. सतराव्या वर्षी तिला छातीचा विकार झाला. मोकळ्या हवेत ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून केलगेरीला एका नातेवाइकाच्या मळ्यातल्या घरात तिला नेऊन ठेवलं होतं.

एका शनिवारी गंगाक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, उद्या तुम्ही तिकडे जाताच आहात, तर माझ्या शांतीला कागदावर उतरवून द्या. तिचा एकही फोटो नाही. आता टांग्यात बसवून न्यायची सोय उरली नाही."

काळ्या शाईची बाटली फळीवर होती. मी तिच्याकडे पाहिलंही होतं. पुन्हा सांडेल, असं मनात आलं — आणि पुडीच उचलली.

शांता उंबऱ्यावर बसली. वेणी पुढे घेतलेली, खांदे शालीत. माझा डबा बघून हसली. "अण्णा, एवढ्याशा डब्यात माझं तोंड मावतंय का?"

मावलं. माझ्या हातून तसं चित्र पुन्हा झालं नाही, हे आजही म्हणतो. चेहरा, वेणी, मांडीवरचे हात, सगळं जांभळ्या रेषेत. गालांवर, ओठांवर किरमिजी. मागची चौकट आणि भिंत गेरू-मातीत. तासाभरानं ती म्हणाली, "साकु, अण्णा, पुरे. आता बसवत नाही." मी चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "बरी दिसते की मी."

घरी जाऊन सगळं काळ्या शाईनं गिरवायचं असं ठरवलं होतं. गिरवलं नाही. गिरवलं की रेषा मरते — हे खरंच आहे. पण मला ते चित्र तसंच, ताजं असतानाच गंगाक्कांच्या हातात द्यायचं होतं. त्यांच्या तोंडचं कौतुक ऐकायचं होतं. ते ऐकलं. दीड महिन्यानं शांता गेली.

चौकट करून त्यांनी चित्र माजघरात लावलं, पूर्वेच्या खिडकीसमोर. सकाळचं ऊन नेमकं त्यावर पडायचं. खिळा कुणी ठोकला? मीच. "अक्का, इथे नको," एवढंच म्हणायचं होतं. पण का नको, असं त्यांनी विचारलं असतं.

दोनेक वर्षं गेली. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं आणि भिंतीसमोर उभं केलं. "मास्तर, शांतीचं तोंड मला अंधुक दिसतंय हल्ली. तुम्हाला नीट दिसतं?"

मी वर पाहिलं. भिंत होती, चौकट होती, उंबरा होता. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. माहीत असणाऱ्यालाच दिसावी अशी एक फिकट रेघ — बाकी कोरा कागद.

"दिसतं की, अक्का," मी म्हणालो. "स्पष्ट दिसतं."

"म्हणजे माझेच डोळे गेले." असं म्हणून त्या खाली बसल्या.

तेव्हा बोलता आलं असतं, नाही? त्यानंतरही कितीदा. त्यांनी चोळ्या शिवणं कमी केलं, पोथी वाचणं सोडलं. एकदा माझ्या देखत त्यांनी पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. मी बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "हाताच्या सवयीनं होतं." मी मान डोलावली. दुसऱ्या कुणाला त्यांनी विचारलं नाही. ज्यानं काढलं तोच सांगतोय म्हटल्यावर कशाला विचारतील? येणाऱ्या-जाणाऱ्याला ते केलगेरीच्या घराचं चित्र वाटायचं. चांगलं आहे, म्हणायचे.

पण मी तुम्हाला सांगायला बसलो ते हे नव्हे. म्हणजे हेही आहेच. खरं पुढे आहे.

त्या मला दर शुक्रवारी बोलवायला लागल्या. चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "सांगा, कशी दिसते." मग त्या कोऱ्या कागदाकडे बघून मी सांगायचो — वेणी पुढे आहे, ओठ मिटलेले आहेत, डोळे तळ्याकडे आहेत. त्या डोळे मिटून ऐकायच्या. पहिलं वर्षभर आठवत होतं. मग आठवेनासं झालं आणि मी रचून सांगू लागलो. एके दिवशी म्हणालो, उजव्या गालावर तीळ आहे.

त्यांनी डोळे उघडले. "उजव्या? डाव्या होता ना?"

चुकून आलं तोंडातून, एवढं तरी म्हणता आलं असतं. त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, मग काढून घेतलं.

"तुम्ही बघताय, मास्तर. तुम्हीच खरं सांगणार. मी विसरत चालले."

पुढच्या शुक्रवारी त्याच म्हणाल्या, "उजव्या गालावर तीळ आहे ना?" मी होय म्हटलं.

नऊ महिने पोटात वाढवलेली, सतरा वर्षं जिला न्हाऊमाखू घातलं ती मुलगी. तिचा चेहरा त्या आईच्या मनात होता, कागदाला लागणारं ऊन तिथे पोचत नव्हतं. तिथून मी तो काढून घेतला — एकेका शुक्रवारी, चहा पीत. रात्री नाही, मला भर सकाळीच कधी कधी गंगाक्कांचं ते बोट दिसतं, गालावर टेकलेलं. शांता मात्र दिसत नाही. किती प्रयत्न केला तरी दिसत नाही.

युद्ध संपलं त्या सुमारास गंगाक्का गेल्या. शेवटपर्यंत त्या स्वतःला अर्धवट आंधळ्या समजत होत्या. घर आवरायला बेळगावहून त्यांचे भाऊ आले. पडवीत सामान काढून ठेवलेलं होतं, त्यात ती चौकट होती. त्यांनी ती उचलून उजेडात धरली.

"मास्तर, हे तुम्ही काढलेलं म्हणे. हे नुसतं रिकामं दार कशाला काढलंत?"

मी म्हणालो, "सहज."