लंकाबाईची इंग्रजी रद्दी

मखमलाबादला लंकाबाईच्या घरी बातम्या उलट्या येत. आधी माणूस वारल्याची बातमी, मग तो अत्यवस्थ असल्याची, आणि दोन-चार दिवसांनी तोच माणूस हार घालून कुठल्याशा पुलाची कोनशिला बसवताना. निवडणुकीचंही तसंच. आधी गुलाल, मग मतदान, आणि सगळ्यात शेवटी उमेदवारांची आश्वासनं. लंकाबाई म्हणायची, "आपल्याला बरंय. कोण पडणार ते ठाऊक असतं, मग भाषण वाचायला मजा येते."

हे सगळं रद्दीमुळे. तिचा नवरा बहिरू दिंडोरी नाक्यावरून दर पंधरवड्याला वर्तमानपत्रांचा गठ्ठा सायकलला बांधून आणी. वरचा अंक त्यातल्या त्यात ताजा, म्हणजे महिनाभराचा शिळा, आणि खाली जाल तसे दिवस मागे जात. रद्दी लागायची फुलपुड्यांना. बहिरूचा शेवंतीचा आणि झेंडूचा मळा होता, बांधाला जास्वंद, विहिरीपाशी तुळस. पंचवटीतल्या साठ घरांना लंकाबाई रोज सकाळी देवाची फुलं पोचवी. मूठभर शेवंती, एक जास्वंद, तुळशीची मंजिरी, दुर्वांची जुडी, सगळं वर्तमानपत्राच्या पाव कागदात बांधायचं आणि दाराच्या कडीला अडकवून पुढे जायचं.

पहाटे साडेचारला ती पुड्या बांधायला बसे. समोर लेक भाग्यश्री, दुर्वा निवडत. लंकाबाई सातवी शिकलेली, पण वाचायची अशी, की एखाद्या पंतोजीने मान डोलवावी. कागद फाडला की तो आधी दिव्याखाली धरायचा, मोठ्याने वाचायचा आणि मग त्यात फुलं ठेवायची. हात थांबायचे नाहीत. "मालेगावला गाईला तीन वासरं," ती म्हणे, आणि पुडी बांधून होई. "पुढं?" भाग्यश्री विचारी. पुढचं कधी त्याच कागदावर असे, कधी शेजारच्या पाव तुकड्यावर, आणि कधी ते केव्हाच कुणाच्या तरी देव्हाऱ्यापाशी गेलेलं असे. मग मायलेकी मिळून पुढचं रचत. भाग्यश्रीच्या वासरांपैकी एक नेहमी पळून जाई.

त्यात लंकाबाईची आणखी एक खोड होती. कोणता कागद कोणाच्या घरी जाणार, हे ती ठरवी. मुळे मास्तरांना शब्दकोडं. मास्तर देवाला फुलं वाहायच्या आधी कोडं सोडवतात, अशी त्यांच्या सुनेची तक्रार होती. नव्या लग्नाच्या जोशीणबाईंना पाककृती. ज्या घरी सासू-सुनेचं वाजलेलं असेल तिथे राशिभविष्य, तेही दोघींच्या राशी बघून, चांगलं असेल तरच. कुणाला ती सांगायची नाही की हे मुद्दाम आहे. पण लोकांना कळत होतं. मास्तरांनी एकदा दारातच थांबवून विचारलं, की बाई, कालच्या कोड्याचं उत्तर कधी येणार? तिने सांगितलं, ते आधीच येऊन गेलं असेल, तुमच्याच घरी बघा.

एकोणीसशे शहाण्णव साली भाग्यश्री बारावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. बहिरूचा थोरला भाऊ तोवर नांदगावचं स्थळ घेऊन आला होता. मुलगा शेखर, घरचं किराणा दुकान, नाव ठेवायला जागा नाही. बहिरू तसा लेकीच्या विरुद्ध नव्हता, पण त्याला दोन दगडांवर उभं राहणं जमत नसे. तो म्हणाला, "श्रावण संपायच्या आत कुठं नंबर लागला तर नांदगावला नाय म्हणून कळवतो. नाय लागला तर पोरगा हातचा घालवायचा नाय."

आणि बारा ऑगस्टच्या पहाटे लंकाबाईच्या हातात ती जाहिरात आली. नाशिक रोडकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात परिचारिका प्रशिक्षण, बारावी पास मुली, कागदपत्रांसह समक्ष भेटा, अर्ज चालू महिन्याच्या वीस तारखेपर्यंत. तिने ते दोनदा वाचलं. साठ पुड्यांपैकी तो एक कागद कमी पडला, कारण तो तिने घडी करून कमरेला खोचला.

पुढचे सहा दिवस ती कागदांच्या मागे धावली. दाखल्याची खरी प्रत, जातीचा दाखला, मास्तरांकडून चारित्र्याचं पत्र. त्या आठवड्यात पंचवटीतल्या पुड्या कशाही गेल्या. जोशीणबाईंना शेअर बाजार मिळाला. अठरा तारखेला, मुदतीच्या चांगली दोन दिवस आधी, मायलेकी दोन बस बदलून नाशिक रोडला पोचल्या. भाग्यश्रीने इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि प्लास्टिकची फाइल छातीशी धरली होती.

खिडकीतल्या बाईंनी जाहिरात हातात घेतली, उलटून पाहिली आणि परत दिली.

"अहो, ही मागच्या महिन्यातली आहे. वीस जुलैला मुदत संपली. यादीसुद्धा लागली, ती बघा भिंतीवर."

कागदाची वरची पट्टी, जिच्यावर तारीख असते, ती पुडी बांधताना फाटून कुठल्या तरी दाराला गेली होती. साऱ्या जगाची बातमी महिनाभराची शिळी आहे हे रोज हसत सांगणारी लंकाबाई, स्वतःच्या लेकीची वेळ आली तेव्हा चालू महिना म्हणजे हाच महिना समजून बसली होती.

भाग्यश्री भिंतीपाशी गेली आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचून आली. येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी बहिरूने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जागा भरल्या होत्या." भाग्यश्री ते ऐकून आत गेली आणि तिने कपडे बदलले. तुळशीच्या लग्नानंतर नांदगावच्या मांडवात तिच्यावर अक्षता पडल्या.

मुलगी सासरी गेल्यावर बहिरू रद्दी आणायला निघाला तेव्हा लंकाबाईने त्याला सांगितलं, यापुढे इंग्रजी आण. त्याने विचारलं का, तर म्हणाली, कागद जाड असतो, फुलाचं पाणी धरतो. कागद जाड असतो हे खरंही होतं. आता ती कागद फाडायची, फुलं ठेवायची, बांधायची. दिव्याखाली काही धरायची गरज नव्हती. त्यात चित्रं असत, बायांचे, गाड्यांचे, टाय लावलेल्या माणसांचे फोटो, पण तिला त्यांतलं काही सांगता येत नसे आणि तेच तिला हवं होतं. मुळे मास्तर एकदा म्हणाले, "लंकाबाई, हल्ली आमचे देव परदेशी गेलेत वाटतं." ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी मास्तरांची पुडी सगळ्यात आधी बांधली आणि कागद तोच, इंग्रजी.

पुढे घरात टीव्ही आला, केबल आली. मुलगा साई कारखान्यात लागल्यावर त्याने रंगीत घेतला. लंकाबाई पहाटे टीव्ही लावून बसू लागली. भजनं झाली की रात्रीच्या मालिका पुन्हा लागत. डोळे टीव्हीवर, हात फुलांत. एखाद्या दिवशी दुर्वा राहून जात आणि गिऱ्हाईक बोले. मालिकेतलं काय पाहिलं असं कोणी विचारलं तर तिला धड सांगता येत नसे. त्या बायका वर्षानुवर्षं त्याच जिन्यावर उभ्या होत्या. मग साईने मोबाइल घेऊन दिला. तो दिवसभर टुणटुणायचा, आणि आलेले संदेश साई संध्याकाळी न वाचता पुसून टाकायचा. कधी कधी तिला वाटे, घरात आता सगळं ताजं येतंय, त्याच दिवसाचं, त्याच घटकेचं, आणि आपल्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरत नाही. आधी मालेगावची गाय आठवडाभर पुरायची.

भाग्यश्री रोज फोन करी, पण नांदगावच्या दुकानातून. "जेवलीस का, बाबांचा गुडघा कसाय, ठेवते, गिऱ्हाईक आलं." एवढ्यात बारा वर्षांपूर्वीचं काही सांगता येत नाही. लंकाबाईने दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा पलीकडून कुणीतरी साखर मागितली.

दोन हजार आठच्या दिवाळीला भाग्यश्री माहेरी आली. सोबत सहा वर्षांची निकिता. पाडव्याच्या पहाटे कामाचा डोंगर होता. भाग्यश्री उठून आली, समोर बसली आणि तिने दुर्वा ओढून घेतल्या. टीव्ही चालू होता. लंकाबाईने रिमोट शोधला, सापडेना, तेव्हा उठून बटणच बंद केलं.

"भागे," ती खाली बसत म्हणाली, "जागा भरल्याचं निमित्त होतं. मी तारीख बघितली नाय, दुसरीकडं कुठं विचारलं बी नाय. तुझ्या बापाला मी खोटं सांगितलं. आज बारा वर्षं झाली."

भाग्यश्रीने जुडीला दोरा गुंडाळला. "मला ठाऊकच होतं की. मी तिथंच होते ना."

"तुझं वाटोळं केलं मी."

"वाटोळं कसलं? सांगायचंच तर तेव्हा लय राग आला होता. वर्षभर तरी होता. निकितीच्या वेळेला दवाखान्यात त्या नर्सा बघितल्या तेव्हा पुन्हा आला." तिने पुढची जुडी घेतली. "मग संपला. दुकानाचा सगळा माल मीच भरते, यांना काय कळतंय त्यातलं. पण एक सांग. तू वाचायचं का बंद केलंस?"

लंकाबाईने हातातला कागद खाली ठेवला.

"मी पहिल्या दिवाळीला आले," भाग्यश्री म्हणाली, "पहाटे उठले, म्हटलं आई आता काहीतरी वाचेल. तर तू इंग्रजी घेऊन बसलेली. मुक्यासारखी. मला वाटलं, ही माझ्यावर रुसलीय. चूक हिची आणि शिक्षा मला. नर्सिंग गेलं ते गेलं, पण ते तर माझं होतं ना, पहाटेचं."

लंकाबाईला हे कधीच सुचलं नव्हतं. तिला वाटत होतं, ती स्वतःचं तोंड बंद करत होती. इतकी वर्षं तिने ज्याला प्रायश्चित्त समजून जपलं, त्याची झळ नांदगावपर्यंत पोचत होती. काही तरी बोलावं म्हणून ती म्हणाली, कागद जाड असतो. भाग्यश्री हसली, आणि मग लंकाबाईलाही हसू आलं, आणि डोळे पुसायला ती पदर शोधू लागली तर त्यात झेंडूच्या पाकळ्या.

भाऊबीज करून भाग्यश्री परत गेली. पुढच्या सोमवारी लंकाबाईने साईला सांगून नाक्यावरून त्या दिवशीचं मराठी वर्तमानपत्र मागवलं, साडेपाचला घरात आलं पाहिजे या बोलीवर. साई कुरकुरला, बातम्या टीव्हीवर फुकट दिसतात म्हणाला. तिने ऐकलं नाही. पेपर आल्यावर चष्मा लावून तिने आतलं पान उघडलं, आणि नांदगावला मिसकॉल दिला. दोन मिनिटांत उलटा फोन आला. मागे कुकरची शिट्टी.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे हायेत. तू काय करतीस?"

"पोळ्या. बोल पटकन."

लंकाबाईने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला, हात शेवंतीत घातला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सिन्नर तालुक्यात म्हैस विहिरीत पडली. चाळीस फूट खोल. गावकरी जमले, क्रेन मागवली, क्रेन बांधावर रुतली.

पलीकडे पोळपाट थांबल्यासारखं वाटलं. "मग निघाली का म्हैस?"

"थांब की. येतंय पुढं," लंकाबाई म्हणाली आणि तिने पुढची ओळ सावकाश वाचायला घेतली.