चौघांचा एकच मोबाइल नंबर

माझी बायको कटंगीकडच्या गावांमध्ये आरोग्य कार्यकर्ती आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीनंतर तिच्याकडे दोन शीट होत्या. एकीवर तिने घरोघरी जाऊन लिहिलेली नावं, दुसरीवर प्रयोगशाळेचे रिपोर्ट. दोन्ही जोडायच्या होत्या. एक्सेलच्या व्हीलूकअप फॉर्म्युल्याने दहा मिनिटांत करून देतो, असं मी म्हणालो.

नावावरून जोडणं शक्य नव्हतं; एका गावात एकाच नावाच्या तीन बाया. मोबाइल नंबर दोन्हीकडे होते. त्यावर फॉर्म्युला लावून खालपर्यंत ओढला. एकही रकाना रिकामा राहिला नाही, म्हणून मी खूश झालो.

यादी वाचता वाचता बायको थांबली. "ही सून निगेटिव्ह कशी?"

"शीटमध्ये तसंच आहे."

"शीटले काय समजते? तिचे हातपाय कसे ठणकतेत, मी पाहून राह्यली. आठवा महिना लागला तिले."

मी त्या घराच्या ओळी काढल्या. सासरा, सासू, मुलगा, सून. चौघंही निगेटिव्ह, चौघांचा नंबर एकच. घरात फोन एक, तो सासऱ्याच्या खिशात. फॉर्म्युला त्या नंबरची पहिली ओळ सापडली की तिथेच थांबतो. सासऱ्याचा रिपोर्ट मी अख्ख्या घराला वाटला होता, आणि अशी घरं यादीभर होती.

प्रयोगशाळेच्या शीटवर प्रत्येक नमुन्याचा क्रमांक होता. आमच्या शीटवर तो कुणी भरलाच नव्हता.

"रक्त घेताना नाव आणि नमुन्याचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या फेकल्यास का?"

"काहून फेकू? तुमच्यासारखा हिशोबी माणूस घरात असल्यावर कागद फेकायची सोय हाय का?"

सुनेची चिठ्ठी आधी शोधली. क्रमांक टाकला. सिकलसेलचा आजार होता, नुसता वाहक नाही.

बायकोने लगेच फोन लावला. सासऱ्याने उचलला. पहिलं बाळंतपण माहेरी, सुनेला परवा जंगलातल्या गावी पोहोचवायचं ठरलंय, असं तो सांगू लागला.

"माहेर कुठं पळून नाही जात, भाऊ. उद्या सकाळी तिले बालाघाटच्या दवाखान्यात आणा. मी तिथंच भेटीन. आता फोन तिले द्या, मले तिच्याशीच बोलायचं हाय."

ती बोलत असताना मी मोबाइल नंबरवरचा फॉर्म्युला पुसून टाकला. मग ती एकेक चिठ्ठी वाचू लागली आणि मी क्रमांक भरू लागलो. प्रयोगशाळेच्या शीटवर जितके आजारी, तितकेच माझ्याही शीटवर येईपर्यंत उठायचं नाही, एवढं ठरवलं होतं. पहिल्या मोजणीत एक कमी आला. पुन्हा वरून सुरुवात केली.