दारातून परत पाठवलेला चाकवत

आता आमच्या घरी काय शिजायचं ते टोपलीवाली बाई ठरवते. ओला हरभरा, मटार, पाल्यासकट मुळा, आवळे, त्या सकाळी तिच्या शेतात जे निघालं असेल ते. पण त्याआधी अकरा हिवाळे मी तिला दारातून परत पाठवलं आहे. बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत थंडीभर तिची एकच हाक असायची, "भाभीजी, बथुआ ले लो." मी जाळीच्या दाराआडूनच हात हलवायचे. गव्हातलं तण ते, गुरांनी खावं. आम्ही पुण्याहून इकडे हिंदी मुलखात बदलीवर आलेली माणसं, भाजी कशाला म्हणतात ते आम्हाला कुणी शिकवायचं? तोरा इतका की तिच्या टोपलीत मी कधी हात घातला नाही.

मग सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांना आम्ही इकडे घेऊन आलो. बाबा तक्रार करणारे नव्हेत. पानावर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. सासूबाईंचा विषय तर त्यांनी पार बंदच केला होता. महिन्याभरात सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पंधरा दिवसांत पोटात नीट अन्न गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. मी पावडरीचे डबे आणले, सूप केलं, डाळिंबं सोलली. शेवटी चिडलेच.

"बाबा, काय खावंसं वाटतं ते तरी सांगा."

ते म्हणाले, "चाकवत. ताकातला."

झालं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांचा भाऊ पुण्याहून येणार होता, त्याच्याबरोबर दोन जुड्या मागवल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर गाडीत. उघडल्या तर पानं पिवळी आणि देठ बुळबुळीत. बाबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे गं." मला रडू आलं, ते काही भाजीसाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या जुड्या कचऱ्यात टाकत होते, तेवढ्यात ती बाई आली. कुणाला तरी सांगायचंच होतं, तिला सगळं सांगून टाकलं. तिने टोपलीतून दोन मुठी बथुआ काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"बाबूजी को दही में बनाके दो. सुबह ही तोड़ा है."

नाही म्हणायचंही माझ्यात त्राण नव्हतं.

निवडायला बसले. बारीक पानं, काड्यांचा गुंता, मुळांना माती. खुडता खुडता पानामागची पांढरी, पिठासारखी भुकटी बोटांना लागली आणि माझा हात थांबला. लहानपणी आईशेजारी बसून चाकवत निवडला की बोटं अशीच व्हायची. पुण्यात मोठ्या पानांची बांधीव जुडी मिळते, इथे शेतातून उपटलेला पाला, एवढाच काय तो फरक. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही थेट पुण्यापर्यंत. माझी मलाच लाज वाटली. त्या बाईचे उपकार कसे फेडू असं झालं, तशीच उठून फाटकापर्यंत धावले. ती पुढच्या गल्लीत पोचली होती. हाक तेवढी ऐकू येत होती.

कुकरला हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे लावले, पाला शिजवून ताकात घोटला, वरून लसणीची फोडणी दिली. बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग त्यांनी भाकरी कुस्करली, खाली मान घालून जेवत राहिले आणि वाटी बोटाने पुसून घेतली.

"तुझ्या सासूपेक्षा बरी झालीय," ते म्हणाले. "तिला सांगू नकोस."

त्यांनी रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवली.