अळणी ताट

चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिले की मी सांगते, माझी मुलगी मरणाच्या दारातून परत आली आणि मी ख्रिस्तावर विश्वास ठेवला. ऐकणाऱ्यांचं समाधान होतं, माझीही अब्रू शाबूत राहते. यात खोटं काही नाही. पण मधला एक दिवस मी दरवेळी गाळते. तो सांगायला जीभ रेटत नाही.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमचं गाव कुंभार पिंपळगावजवळ. घरची जमीन, गावात मान, आणि त्या मानाचा तोरा माझ्याही नाकावर. मुलगी सहा वर्षांची होती. एके सकाळी ती उठली तीच सुजलेल्या डोळ्यांनी. आठ दिवसांत पाय सुजले, पोट ढोलासारखं झालं. अंगारे झाले, गावठी औषधं झाली, मग जालन्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, किडनीचं दुखणं आहे. मीठ पूर्ण बंद, चिमूटभरही नाही. पण अन्न पोटात गेलंच पाहिजे, उपाशी राहिली तर पोर हाती लागायची नाही. पेरणी तोंडावर होती, म्हणून मालक गावी परतले. मी आणि मुलगी राहिलो.

दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे तीन दगड मांडून जो तो आपापल्या पेशंटचा स्वयंपाक करायचा. माझ्या शेजारची चूल एका म्हातारीची होती. बदनापूरकडची, ख्रिस्ती. नवरा पुरुषांच्या वॉर्डात होता. ख्रिस्ती म्हणजे मुळात कोणत्या जातीची, हे मी न विचारताच ठरवलं होतं. तेवढी अक्कल मला माहेराहूनच मिळालेली. रोज सकाळी मी गोवरीच्या तुकड्यावर तिच्या चुलीतला विस्तव न्यायचे. विस्तवाला विटाळ नसतो, असं आमच्यात म्हणत. तिने भाकरी पुढे केली की मात्र मी म्हणायचे, "झालं माझं जेवण, मावशी." माझी पहिली भाकरी तेव्हा तव्यावर असायची, आणि तिला ती दिसत असायची.

मुलगी अळणी वरण तोंडात धरायची आणि थुंकायची. "माती हाय ही, माय," म्हणायची. तिसऱ्या दिवशी मला बघवेना. मी वरणात गुपचूप मीठ टाकलं. वाटीभर वरण खाऊन पोर हसली, आणि दोन दिवसांत इतकी सुजली की डोळे उघडेनात. डॉक्टरांनी विचारलं तर मी तोंड वर करून म्हणाले, "न्हाई हो, कायबी घातलं न्हाई." म्हातारीने मला मीठ टाकताना पाहिलं होतं. दुपारी ती आपलं ताट घेऊन वॉर्डात आली आणि मुलीच्या खाटेला खेटून फरशीवर बसली.

"म्या बी आज अळणीच केलंय," ती मुलीला म्हणाली. "तू एक घास, मी एक घास. बघू कोण आधी तोंड वाकडं करतंय."

प्रत्येक घासाला म्हातारीच आधी तोंड वाकडं करायची आणि हरायची. मुलगी हसत हसत अर्धी भाकरी जेवली, म्हातारीच्याच ताटात. मी दाराकडे बघत होते, ओळखीचं कोणी येतंय का म्हणून.

मग ते रोजचंच झालं. सूज उतरू लागली. एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कुणी मीठ बंद केलं न्हाई. मंग असलं कशाला खाता?"

"लेकरानं एकटीनं अळणी कसं खावं, बाई?" ती म्हणाली. "आमचा प्रभू बी वरी बसून न्हाई राह्यला. खाली आला, आमच्यात बसून जेवला."

हे मला लागलं. आमच्या घरात कोण कोणाशेजारी जेवत नाही, याचीच शिकवण मोठी होती. जेवणाआधी ती मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मीही ती मनातल्या मनात म्हणू लागले. बापा, माझं लेकरू वाचव, मी तुझी झाले. अगदी मनापासून म्हणत होते. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं मी विश्वास नसताना केलं असं कोणाला वाटेल.

एका दुपारी न कळवता सासूबाई आल्या. म्हातारीचं आणि मुलीचं जेवण चाललेलं, एका ताटात दोघींचे हात. सासूबाई दारातच थबकल्या.

"ही कोण?"

"झाडूवाली हाय, आत्याबाई," मी म्हणाले. "झाडायला आल्ती."

मला विचारही करावा लागला नाही. तेलासारखं घरंगळत आलं तोंडातून.

मुलीने घास गिळला. "न्हाई, आजी हाय ही," ती म्हणाली. "रोज माझ्यासंग जेवती."

मी तिच्या गालावर चापट मारली. सुजलेलं अंग लवकर भरून येत नाही. संध्याकाळपर्यंत गालावर बोटं उमटलेली दिसत होती.

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. "लेकरू तापात कायबी बोलून राह्यलं, बाई," ती सासूबाईंना म्हणाली. "मी झाडायलाच आल्ते." तिने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि सगळा वॉर्ड झाडला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका खाटेखाली वाकून. आमच्या खाटेशी आली तेव्हा खाटेवर बसलेल्या सासूबाईंनी पाय वर घेतले. मीही घेतले.

सासूबाई संध्याकाळच्या एसटीने परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये रिकाम्या हाताने गेले. म्हातारीने सवयीने निखारा बाहेर ओढला.

"विस्तव नको मावशी," मी म्हणाले. "भाकरी द्या. माझं चुकलं."

तिने अर्धी भाकरी मोडून हातावर ठेवली. "आधी लेकराला जवळ घे," म्हणाली. "तू तिला मारलं, मला न्हाई."

मी रडत रडत ती भाकरी खाल्ली. शेडमध्ये तेव्हा आम्ही दोघीच होतो. बघायला कोणी असतं तर खाल्ली असती की नाही, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

चार दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन गेली. मी तेव्हा मुलीची लघवी तपासायला द्यायला गेले होते. मुलगी पुढे दोन महिन्यांनी बरी होऊन घरी आली. सासूबाई असेपर्यंत मी प्रार्थना मनातच ठेवली. त्या गेल्यावर बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जाब विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मालक म्हणाले, तुझं तू बघ. तेव्हापासून दर आठवड्याला दवाखान्यात जाते आणि मीठ बंद असलेल्या पोरांशेजारी बसून अळणी जेवते. लोक त्याला सेवा म्हणतात. मी म्हणू देते.

मागे मुलगी माहेरपणाला आली होती. तिचा धाकटा ताटासमोर हट्ट करत होता. ती त्याला म्हणाली, "मी लहानपणी दवाखान्यात होते ना, तिथं एक झाडूवाली आजी होती. झाडू ठेवून माझ्यासंग जेवायला बसायची."

सहा वर्षांच्या पोरीला खरं माहीत होतं. ते मी एका चापटीत तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि इतकी वर्षं मंडळीत उभी राहून साक्ष देत होते.

"ती झाडूवाली नव्हती," मी म्हणाले. मग विस्तवापासून झाडूपर्यंत सगळं सांगितलं, चापटसुद्धा.

मुलीने विचारलं, "नाव काय होतं गं तिचं?"

मी कधी विचारलंच नव्हतं.