दादाचे चिनी गुरुजी

काल दुपारी मोबाइलवर तो जुना कुंग फूचा सिनेमा अचानक सापडला. विरळ दाढीचे गुरुजी दिसले आणि मी थेट लहानपणीच्या कोळवणच्या शाळेत जाऊन बसले.

गणपतीत तिथं व्हिडिओ लावायचे. त्या वर्षी कॅसेट चिनी भाषेतली निघाली, कुणाला एक अक्षर कळेना. लोक उठायला लागले, तसा माझा दादा टीव्हीशेजारी उभा राहिला आणि गुरुजींच्या तोंडचं स्वतःच बोलू लागला, "आरं, लाथा मागनं मार. आदी भाताच्या खाचरात चिखलणी कर!" चेला बादल्या घेऊन डोंगर चढायला लागला, की दादा म्हणायचा, "व्हय गुरुजी, भात लावूनच येतो." दमट सतरंजीवर आम्ही पोट धरून हसत होतो. शेवटी चेला कायमचा निघतो, गुरुजी काहीतरी पुटपुटतात. दादा ओरडला, "येताना चहापावडर आण!"

काल पडद्यावर खाली हिंदी अक्षरं येत होती. गुरुजी म्हणत होते, तू गेल्यावर या घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नाही.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली. मी तो प्रसंग पुन्हा लावला, आवाज बंद केला आणि गुरुजींचे ओठ हलले तशी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाले, "येताना चहापावडर आण."