दुकान बंद ठेवून साताऱ्याला

शिलाईच्या दुकानात कापडाच्या कतरणी आणि किस्से दोन्ही टेबलाखाली साचतात. कतरणी निदान संध्याकाळी झाडून टाकता येतात, किस्से कुठे टाकणार? भिंगारच्या बाजारात आमचं लष्करी युनिफॉर्म शिवायचं दुकान होतं. उमेदीची सगळी वर्षं मी तिथं शर्ट शिवले. परवा जुने दोस्त चहाला भेटले आणि म्हणाले, "अशोक, ते साताऱ्याचं सांग ना!" म्हटलं, अरे बाबांनो, ते एक नाहीये. सांगायला बसलो तर चहा गार होईल. झाला तर झाला!

आधी माणसं सांगतो. हैदरभाई मालक, कटिंग त्यांचं. बापू पारनेरकडचा, पॅन्ट शिवायचा आणि दिवसभर काही ना काही चघळायचा. मंगलकाकू काज-बटण आणि हातशिलाई करायच्या. शर्टावर मी. आमच्या चौघांत एकही माणूस कधी सहलीला गेलेला नव्हता. लग्नाला गेलो, मयतीला गेलो, जत्रेला गेलो. पण नुसतं बघायला म्हणून कुठं जायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

*

एकदा एक नवा जवान युनिफॉर्मची ट्रायल द्यायला आला. काकूंनी सवयीनं विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

"सातारा."

झालं! काकूंचं माहेर साताऱ्याचं. गल्ली कुठली, शाळा कुठली, नळाला पाणी कधी येतं, सगळी चौकशी झाली. त्यानं मोबाईल काढून अजिंक्यताऱ्यावरचे फोटो दाखवले. काकू एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

बापू म्हणाला, "काकू, तुमी तर लई येळा गेल्या असताल गडावर!"

"एकदाही नाही," काकू म्हणाल्या.

दारात उभं राहिलं की गड समोर. भाऊ रोज पळत वर जायचे. पोरीच्या जातीला गड कशाला, म्हणून काकूंना कुणी सोडलं नाही. मग लग्न होऊन भिंगारला आल्या. आईवडील गेले, भावांनी घर विकलं, माहेर तिथंच संपलं. आणि त्याच गडावर मंगळाईचं देऊळ! आईनं तिला नवस बोलून ही लेक मागितली, म्हणून नाव मंगल.

"जिचं नाव लावून फिरते, तिचं तोंड अजून बघितलं नाही मी," काकू म्हणाल्या. "आता तर गुडघेही गेले. डॉक्टर म्हणतात, काय चढायचं ते यंदा चढून घ्या."

तो जवान एका बाहीला टाचण्या लावलेल्या अवस्थेत तसाच उभा. हैदरभाईंनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "जायचं! अरे, सगळ्यांनी जायचं!"

*

जायचं ठरलं, पण कधी ते ठरेना. बापूच्या मेहुण्याची गाडी होती, ती इतर दिवशी शाळेची पोरं न्यायची. मिळणार ती शनिवार-रविवारीच. आणि जवानांना सवड शनिवार-रविवारीच, म्हणून आमची गर्दीही तेव्हाच! हैदरभाईंच्या दुकानाचं शटर शनिवारी खाली आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लोक वीकेंड वीकेंड करतात, आमचा वीकेंड सोमवारी यायचा आणि त्याच दिवशी जायचा.

"पुढच्या शनिवारी नक्की," हैदरभाई म्हणायचे. गुरुवारपर्यंत सगळं ठीक. शुक्रवारी कुठली तरी परेड निघायची, कुणाची तरी बदली निघायची. मग ते काकूंच्या मशीनपाशी येऊन मान खाजवत उभे राहायचे. "मंगलताई, या वेळेला माफ करा. अर्जंट आलंय."

एकदा बापू वैतागून म्हणाला, "मालक, म्हाराजांनी त्यो गड घ्यायला एवढा येळ लावला न्हाई!"

आम्ही खो खो हसलो. काकूही हसल्या आणि पुन्हा मान खाली घालून काजं करायला लागल्या. मला त्यांचं ते हसणं काही बरं वाटलं नाही. पाऊसकाळ संपून थंडी आली होती, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्या आता भिंत धरायला लागल्या होत्या.

*

सहलीला गाईड लागतो. आमच्या मते गाईड घरचाच होता. एका दुपारी काकूंनी कटिंगच्या टेबलावर खडूनं आख्खा सातारा काढला. हा राजवाडा, हा मोती चौक, ही आमची गल्ली, हा गड, ही वर मंगळाई. कुठं पेढे घ्यायचे, कुठं गाडी लावायची, सगळ्या खुणा. हैदरभाईंना इतका आवडला की म्हणाले, "पुसू नका रे कुणी, रात्री डोक्यात बसवतो."

पुसला कुणीच नाही. संध्याकाळी बापूनं त्याच टेबलावर एका सुभेदारसाहेबांची पॅन्ट पसरून इस्त्री केली!

दुसऱ्या दिवशी साहेब पॅन्ट घालून आरशापुढं उभे राहिले, वळले, आणि आम्हा चौघांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांच्या पाठीमागं, बरोबर बसायच्या जागी, अजिंक्यतारा! मांडीवरून मोती चौकाकडं रस्ता चाललेला.

"ये क्या है?" साहेबांनी मान वळवून विचारलं.

 काकू पुढं झाल्या, ब्रश घेतला आणि म्हणाल्या, "खडू आहे साहेब, जाईल. पण जरा थांबा, आमच्या गल्लीचं वळण चुकलंय काय ते बघू द्या."

*

हैदरभाईंचा एक नियम होता. ट्रायल घेतल्याशिवाय कपडा द्यायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. सहलीलाही त्यांनी तोच नियम लावला. "डायरेक्ट साताऱ्याला कसं जाणार? गुडघ्याची ट्रायल नको?"

म्हणून एका सोमवारी सकाळी आम्ही चौघं, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, दशम्या, ठेचा, सगळं घेऊन निघालो आणि पोहोचलो कुठं, तर चांदबिबीच्या महालावर! भिंगारातून रोज दिसतो तो. तिथली पाखरंसुद्धा आम्हाला ओळखत असतील. पण ट्रायल म्हणजे ट्रायल. रिक्षा पायथ्याला थांबवली आणि चढलो. वर गेल्यावर बापूनं जेवणाचीही ट्रायल घेतली. दशम्या कशा टिकतात ते बघता बघता एकही टिकली नाही.

"काकू, दुखतंय का?" मी विचारलं.

"छे! अजिबात नाही. अजून एवढं चढेन."

उतरताना मात्र काकू उलट्या उतरत होत्या, डोंगराकडं तोंड करून. तसं उतरलं की गुडघ्यावर जोर येत नाही, हे माझ्या आईमुळं मला माहीत होतं. हैदरभाईंनीही ते बघितलं.  दुकानापाशी उतरताना एवढंच म्हणाले, "या शनिवारी जायचं. परेड असली तरी जायचं. जनरल आला तरी जायचं!"

*

देवीला ओटीसाठी खण न्यायचा होता. काकूंनी आदल्या आठवड्यात मोठ्या हौसेनं हिरवा खण आणून कपाटात ठेवला. शुक्रवारी बघतात तर खण गायब!

हैदरभाई लाजत लाजत पुढं आले आणि त्यांनी घडी घातलेली चोळी काढली. तीच ती हिरव्या खणाची. बारीक शिलाई, काठाची जोडणी अशी की कुठं जोडलंय ते दिसू नये. रात्री जागून स्वतः शिवलेली.

"अहो हैदरभाई!" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ओटीचा खण असाच देतात, न शिवता!"

हैदरभाईंचं तोंड एवढंसं झालं. "तुमच्या देवीला नेसवायचं, तर तसंच कापड कसं द्यायचं? आपलं दुकान शिलाईचं ना ताई?"

आणि माप कुणाचं घेतलं, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "देवीचं माप मला कोण देणार? तुमचंच लावलं."

काकूंनी चोळी अंगाशी धरून बघितली. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणं लावलेल्या बाईला बसेल अशी चोळी कुणी आपणहून शिवून द्यायची पहिलीच वेळ असावी. मग त्यांनी बापूला पिटाळून दुसरा खण आणवला, आणि चोळी स्वतःच्या पिशवीत नीट ठेवली.

*

शनिवारी पहाटे शटर खाली आलं. कुलूप लावलं, ओढून बघितलं, गाडीत बसलो. हैदरभाई उतरले, पुन्हा ओढून बघून आले. गाडी हलली तोच समोरून एक हवालदार सायकलवरून हात हलवत आला. शर्टाचं बटण तुटलेलं! हैदरभाईंनी डोळे गच्च मिटून घेतले, म्हणजे दिसायलाच नको. काकूंनी मात्र काच खाली केली, पदराला टोचलेली सुई काढली, आणि त्याच्या अंगातल्या शर्टालाच बटण लावून दिलं.

"आता मंगळवारपर्यंत तोडू नको रे," त्याला म्हणाल्या, "आम्ही सहलीला चाललोय!"

असं म्हणताना त्या केवढ्या ऐटीत होत्या! आज ते दुकान नाही. युनिफॉर्म तयार मिळतात, तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकतात. हैदरभाई घरीच असतात, बापू गावी शेती बघतो, काकू पुण्याला लेकाकडं गेल्या. मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो, खरं सांगतो. पण ती पहाट, ती गाडी आणि काकूंची ती ऐट आठवली की आपण आयुष्यात फार काही चुकवलं नाही असं वाटतं.

*

आमच्या गाईडनं साताऱ्यात शिरल्या शिरल्या आम्हाला तीन वेळा चुकवलं. खडूनं काढलेला सातारा चाळीसेक वर्षांपूर्वीचा होता! मोती चौक सापडला, गल्ली सापडली. घराच्या जागी मजल्यावर मजले चढवलेली इमारत उभी होती. काकूंनी मान वर करून बघितलं. "चला," म्हणाल्या, "वर चला." त्या दिवशी त्यांनी तीच हिरवी चोळी घातली होती.

गाडी दरवाजाच्या अलीकडं थांबते, तिथून पायऱ्या. काकू थोडं चढायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. बापू पुढून हात द्यायचा, मी मागं. हैदरभाईंच्या एका हातात काकूंची पिशवी, दुसऱ्या हातात ओटीचं ताट, आणि तोंडानं "सावकाश ताई, घाई नाही, दुकान बंद आहे" असा जप. एका ठिकाणी काकू बसल्या त्या उठेचनात. गुडघा धरून बसल्या. "तुम्ही जाऊन या," म्हणाल्या, "माझा नमस्कार सांगा."

बापू म्हणाला, "न्हाई. तुमचा नमस्कार आमी न्हाई सांगनार. ज्याचा त्यानं सांगायचा."

शेवटी बापूच्या आणि माझ्या खांद्यांवर हात टाकून काकू देवळापर्यंत आल्या. हैदरभाई बाहेरच आमच्या चपला हातात घेऊन थांबले. आम्ही आत गेलो. काकूंनी ओटी भरली आणि देवीकडं नुसत्या बघत राहिल्या. आम्हाला वाटलं, आता रडणार. बापूनं तर रुमालही काढला, त्याचेच डोळे भरले होते.

आणि काकू, शेजारणीशी दारात उभं राहून बोलावं तशा, मोठ्यानं म्हणाल्या, "आले गं बाई. मागंच आले असते. सुट्टीच मिळत नव्हती!"

मी वळून बघितलं. हैदरभाईंनी हातातल्या चपला खाली ठेवल्या, दोन पायऱ्या चढून उंबऱ्यापाशी आले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि मंगळाईकडं बघून अदबीनं म्हणाले,

"ताई, शनिवार-रविवारी आमच्याकडं मिलिटरीची फार गर्दी असते."